"कोकणात नको तर मराठवाड्यात द्या" म्हणणाऱ्यांनो, गट नंबर कुणाचा देणार?

मांजराकाठचा

राम राम मंडळी. आठ दिवस झाले डोक्यात एक भुंगा फिरायलाय, शेवटी धागा काढला.

माझी धाकटी बहीण राजापूर तालुक्यात दिलेली. (कळंबची पोरगी थेट कोकणात कशी, हे विचारू नका. दाजी आमच्या भागात शिक्षक होते, तिथून जुळलं.) परवा भाच्याच्या जावळाला गेलो होतो. तिच्या सासूबाई ६८ वर्षांच्या. गुडघ्यापायी देवळाच्या पायऱ्या चढत नाहीत. पण एप्रिल २०२३ मध्ये बारसूच्या सड्यावर रिफायनरीच्या माती परीक्षणाला गाड्या आल्या, तेव्हा ह्याच बाई बाकीच्या बायकांसोबत रस्त्यात आडव्या झाल्या होत्या. मी म्हणलं, भ्या नाही वाटलं? तर म्हणाल्या, "वाटलं ना. पण एकदा आडवी झाल्यावर उठायचं कसं तेच कळेना." सगळे हसले, मीपण हसलो. पण अणुस्कुरा घाट चढेपर्यंत तेच डोक्यात.

घरी आलो तर गावातल्या एकाचं स्टेटस: "कोकणवाल्यांना सोन्याचं ताट नको असंल तर मराठवाड्यात द्या, आम्ही पायघड्या घालू." ग्रुपवर त्याला पन्नासेक अंगठे. त्यात माझा चुलतभाऊ पण. बीए होऊन चार वर्षं पारावर बसलाय, त्याला तरी काय बोलावं.

तर प्रश्न सरळ आहे. उद्या रिफायनरी खरंच आपल्या तालुक्यात आली आणि गट नंबर तुमचा निघाला, तर सही करणार का? "विकास पाहिजे", "पर्यावरण पाहिजे" असली उत्तरं नकोत. गट नंबरचं उत्तर द्या.

तूरडाळ

करीन. आकडा सांगा.

बालाघाटी

तूरडाळ, तुझ्या नावावर दीड एकर मुरूम आहे. त्यात रिफायनरीचा संडास पण बसायचा नाही.

तूरडाळ

संडासाला पण भाव असतो दादा.

गोदाकाठ

मुळात प्रश्नच चुकीचा. रिफायनरीला समुद्र लागतो, जहाजं लागतात. आपल्याकडं समुद्र म्हणजे नाथसागर, जायकवाडी धरणाचं पाणी. त्यात पण उन्हाळ्यात म्हशी बसतात.

शिफ्ट_बी

मी मूळ जिंतूरचा. बारा वर्षं झाली, उत्तरेतल्या एका रिफायनरीत इन्स्ट्रुमेंटेशनला आहे. थोडं आतलं सांगतो.

गोदाकाठ, समुद्र शेजारी लागतोच असं नाही. मथुरा, पानिपत, बीना, भटिंडा, कुठं आहे समुद्र? बीनाचं कच्चं तेल गुजरातेत वाडिनारला उतरतं आणि ९३५ किलोमीटर पाइपातून मध्य प्रदेशात येतं. भटिंड्याचं मुंद्र्याहून, हजार किलोमीटरच्या वर. आता ६ कोटी टनांचा अवाढव्य प्रकल्प म्हणाल तर त्याला बंदरच लागणार, म्हणून कोकण. पण छोटी रिफायनरी बिनसमुद्राची चालते. तेल कुठूनही येईल. अडतं पाण्यावर. कच्चं तेल भट्टीत साडेतीनशे अंशांच्या आसपास तापवून उंच मनोऱ्यात सोडायचं. वाफ वर जाताना थंड होत जाते आणि ज्या त्या उंचीला जे ते निघतं. वर गॅस, नाफ्था, मधी रॉकेल, डिझेल, बुडाला डांबराचा गाळ. हे तापवायला वाफ लागते आणि निववायला पाणी. रात्रंदिवस. पानिपतला यमुनेचा कालवा आहे. आपल्याकडं काय आहे ते तुम्हाला माहीतच.

नोकऱ्यांचं म्हणाल तर उभारताना हजारोंनी माणूस लागतो. वेल्डर, फिटर, रिगर, मचाण बांधणारे. पण त्या टोळ्या ठेकेदारासोबत येतात आणि त्याच्यासोबत जातात. प्लांट चालू झाला की कंट्रोल रूममध्ये स्क्रीनपुढं मोजकी माणसं. मधी शटडाऊन लागला, म्हणजे दुरुस्तीला प्लांट बंद ठेवला, की महिनाभर परत गर्दी. कायम भरती देशभरातून, परीक्षा देऊन. ज्याची जमीन गेली त्याच्या पोराला आमच्याकडं मी कुठं बघितलं? गेटवर, बागेत, कँटीनला. एकजण मात्र ऑपरेटर झालाय, त्याचं नाव सगळे दहा वेळा सांगतात.

आणि वास. कुजक्या अंड्याचा. हायड्रोजन सल्फाइडची खोड अशी, की लई वाढला की नाकाला कळायचंच बंद होतं. म्हणून आम्ही छातीला डिटेक्टर लावून फिरतो. कुंपणाच्या पलीकडचा म्हातारा बनियनवर बसलेला असतो.

ह्याच पगारावर मी दोन बहिणींची लग्नं केली, हेपण सांगून टाकतो. माझं मत कोणत्या पारड्यात टाकायचं ते तुम्ही बघा.

बालाघाटी

गट नंबर?

शिफ्ट_बी

आमची जमीन येलदरीच्या पाण्यात आजोबांच्याच काळात गेली. माझ्याकडं द्यायला काही राहिलं नाही. म्हणून तर बाहेर आलो.

राजापूरकर_इकडचा

नोकरीनिमित्त अकरा वर्षं छत्रपती संभाजीनगरात आहे, घर राजापूर तालुक्यात. "सोन्याचं ताट" वाचलं म्हणून लिहितोय.

पहिल्यांदा नाणार. मे २०१७ मध्ये अधिसूचना निघाली. राजापूरची १४ गावं आणि देवगडातली गिर्ये, रामेश्वर. तीन सरकारी तेल कंपन्या एकत्र, पुढच्या वर्षी सौदीची अराम्को आणि अबुधाबीची अ‍ॅडनॉक सोबत आल्या. ३ लाख कोटींचा आकडा. ग्रामसभांनी विरोधाचे ठराव केले. शिवसेना विरोधात उभी राहिली आणि लोकसभेची युती झाली तेव्हा, मार्च २०१९ मध्ये, ती अधिसूचना रद्द झाली. आम्ही फटाके लावले. मग जानेवारी २०२२ मध्ये त्याच पक्षाचे मुख्यमंत्री केंद्राला पत्र लिहितात, की बारसूला १३ हजार एकर देता येईल, शिवाय नाटे गावात तेलाच्या टर्मिनलसाठी २,१४४ एकर. म्हणजे नाणारला "जनभावना", आणि त्याच तालुक्यातल्या बारसूला "पडीक कातळ".

पडीक शब्दावर माझा राग आहे. सडा म्हणजे वरून उघडाबोडका जांभा दगड. पण पावसाळ्यात तोच पाणी पितो आणि खालच्या वाडीतल्या विहिरींना नि झऱ्यांना वर्षभर पुरवतो. गुरं तिथंच चरतात. त्याच कातळात खड्डे फोडून, टोपल्यानं माती वाहून आमच्या आज्यांनी हापूस लावलाय. आणि त्याच सड्यावर हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी कोरलेली कातळशिल्पं आहेत. २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत कोकणातली जी ठिकाणं गेली त्यात बारसू आहे. सरकारच यादीत घालतं आणि सरकारच ड्रिलिंगची गाडी पाठवतं.

तुमच्या बहिणीच्या सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. त्या आठवड्यात अश्रुधुराची नळकांडी फुटली, लोक ताब्यात गेले. त्याच्या आधी फेब्रुवारीत ह्या विषयावर लिहिणारे राजापूरचे पत्रकार शशिकांत वारिशे गाडीखाली चिरडले गेले. त्यांनी ज्याच्याविरुद्ध बातमी दिली होती, त्याच जमीन-दलालाला खुनाच्या गुन्ह्यात अटक झाली. हे सगळं ताटात वाढून येतं.

तूरडाळ

वारिशेंचं माहीत नव्हतं. वरची मस्करी माघारी घेतो.

चाकण_रिटर्न

माझं कुणाला पटणार नाही, तरी लिहितो.

राजापूरकर, तुमच्याकडचा चाकरमानी मुंबईत नोकरी करतो, गणपतीला गावी येतो आणि "आमचं कोकण वाचवा" म्हणतो. गावातली निम्मी घरं कुलपात. त्याला मुंबई आहे. आम्हाला काय आहे? मी सात वर्षं चाकणला काढली. अकरा महिन्याची ऑर्डर, मग ब्रेक, परत नवीन ऑर्डर. एका खोलीत सहाजण: दोन हिंगोलीचे, तीन नांदेडचे आणि मी सेलूचा. खोलीमालक तिथला शेतकरीच होता. जमीन कंपनीला गेली, उरल्यात चाळी बांधल्या. तो झोपून पैसे मोजायचा आणि आम्ही त्याच्या पाण्याची मोटर चालू करायचो. तेव्हा वाटायचं, ही कंपनी सेलूला आली असती तर मोटर दुसऱ्यानं चालू केली असती.

लातूरला रेल्वे डब्यांचा कारखाना झाला. मार्च २०१८ ला भूमिपूजन, डिसेंबर २०२० ला पहिला सांगाडा बाहेर. मग किती दिवस नुसतं शेड. आयटीआयची पोरं कागदं घेऊन हरंगुळला चकरा मारून दमली. ऊसतोडीला बायको-पोरांसकट सहा महिने कोपीत राहणाऱ्याला तुम्ही वासाचं काय सांगता? त्याला सांगून बघा, की बाबा इथं कुजकी अंडी घुमतात पण घरी राहायला मिळंल.

विदर्भवाल्यांनी तर उघड मागणी केली, रिफायनरी आम्हाला द्या म्हणून. आपण मागितलं की लाज कशाची?

माझा गट नंबर: ३ एकर २० गुंठे, कोरडवाहू, सोयाबीन. सही करीन. लेखी द्या म्हणलं तर लेखी देतो.

राजापूरकर_इकडचा

चाकण_रिटर्न, कुलपाचं म्हणालात ते खोटं नाही. राजापूर बाजारपेठेत समर्थनाचे फलक मीही पाहिलेत, आणि ते लावणारे सगळेच दलाल नव्हते. माझा सख्खा चुलता समर्थनात आहे. गणपतीत आम्ही आरतीपुरते एकत्र असतो.

पण एक बघा. सातबारे काढले तर कधी न ऐकलेल्या गावांची, परराज्यांतली नावं निघाली. प्रकल्प येणार हे आम्हाला कळायच्या आधी त्यांना कळलं होतं. तुमच्या सेलूला खरंच काही येणार असेल, तर तुमच्या ३ एकर २० गुंठ्यांना आधी कोण विचारायला येतो ते बघा. कंपनीवाला नसेल.

चाकण_रिटर्न

ते मान्य.

लातूरची_घागर

मी लातूरची. एवढंच आठवून द्यायला आले, की एप्रिल २०१६ मध्ये आम्ही रेल्वेनं पाणी प्यालोय. मिरजेहून जलदूत यायची. पहिल्या गाडीला १० वाघिणी, ५ लाख लिटर. त्याच्या आधी मार्चमध्ये टाक्यांपाशी जमावबंदी होती, १४४ कलम. घागर घेऊन पाचजणी उभ्या राहिल्या तरी पोलीस विचारायचे. आणि परळीचं औष्णिक केंद्र २०१५ मध्ये पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं. तेव्हा जो कुणी "आम्हाला द्या" म्हणतो त्यानं नळाचं तोंड कुठं आहे ते दाखवावं. पैठणला पाणी सोडायचं म्हणलं की नगर-नाशिकवाले कोर्टात जातात. रिफायनरीसाठी सोडतील होय?

तूरडाळ

रिफायनरीचं तेल गाडीनं मिरजेला, मिरजेचं पाणी त्याच गाडीनं लातूरला. वाघीण रिकामी जायला नको.

लातूरची_घागर

त्या वाघिणी सुरुवातीला तेल वाहणाऱ्याच होत्या म्हणे, धुऊन पाठवल्या. तेव्हा तुझा विनोद झालाय आधीच.

पांढरं_सोनं_नव्हे_ऊस

पाण्याचं रडगाणं उसाला कोण ऐकवतं? मांजरा पट्ट्यात कारखान्यावर कारखाना. एक टनाला किती पाणी जातं ते विचारा ना त्यांना.

बालाघाटी

आला. प्रत्येक धाग्यात ऊस येतो. साप निघाला तरी उसातूनच निघतो.

पांढरं_सोनं_नव्हे_ऊस

कारण तिथंच असतो साप. आमच्या ओढ्याला एका कारखान्याची मळी सुटायची. दिवाळीनंतर पाणी काळंशार, चहासारखं. मासे पालथे. तक्रार केली की साहेब यायचे आणि त्या दिवशी ओढा स्वच्छ. कुणाचं नाव घेत नाही, आमच्या गावचे निम्मे सभासदच आहेत त्याचे. साखरेच्या कारखान्यावर आपलंच संचालक मंडळ असून आवरत नाही, तेल कंपनी आवरणार व्हय?

राखुंडी

वर परळीचा विषय निघाला म्हणून. माझं आजोळ एका औष्णिक केंद्राच्या राखेच्या तळ्यापासून दोन मैलांवर. उन्हाळ्याच्या सुट्टीत आजी दोरीवरचे कपडे काढायच्या आधी झटकायची, मग परत झटकायची. कुरडया पापड वाळवणं बंद केलं तिनं, कारण तांदळाच्या पापडाला नाचणीचा रंग यायचा. पण मामा राखेच्या टिप्परवर ड्रायव्हर होता, आणि वीटभट्टीवाले राखेसाठी रांगा लावायचे. त्या टिप्परवर घर चाललं. मामाचा खोकला पण त्या टिप्परचाच. आजीला विचारलं असतं तर तिनं कोणती बाजू घेतली असती मला खरंच सांगता येत नाही. ती म्हणायची, लाइट तरी इथं थांबायची होती. भारनियमन होतंच की तिच्याकडं.

बिडकीनचा_पाटील

आम्ही दिली जमीन. डीएमआयसीला, म्हणजे दिल्ली-मुंबई औद्योगिक पट्ट्याला. एकरी २३ लाख मिळाले. तेव्हा डोळे पांढरे झाले होते. बापानं शहाणपणा करून गंगापूर तालुक्यात दुसरी जमीन घेतली म्हणून आज मी शेतकरी म्हणून लिहायलो. शेजाऱ्यानं दोन स्कॉर्पिओ घेतल्या, सात दिवसांचा भागवत सप्ताह केला, रोज शेवगाठी-बुंदीची पंगत. आता एक स्कॉर्पिओ हप्त्यात गेली आणि दुसरी तो स्वतः भाड्यानं चालवतो, कंपनीच्या साहेबालाच घेऊन. मोठ्या गाड्यांची कंपनी यायली म्हणतात, २० हजार कोटींचा करार २०२४ मध्ये झाला. येऊ द्या. मी वाईट म्हणणार नाही. फक्त आमच्याच वावरातला प्लॉट आज काय भावानं निघतो ते विचारलं की जेवण जात नाही.

काळा_कोट

कायद्याचं थोडं, कारण सगळे "सही" शब्द धरून बसलेत.

तुमची सही मागितलीच जाईल हे गृहीत धरू नका. केंद्राच्या २०१३ च्या भूसंपादन कायद्यात खासगी कंपनीसाठी ८० टक्के आणि सरकारी-खासगी भागीदारीसाठी ७० टक्के बाधितांची संमती लागते. सामाजिक परिणामांचा अभ्यास, जाहीर सुनावणी, बागायत जमीन शेवटचा पर्याय म्हणून. वाचायला छान आहे. पण नाणारला एमआयडीसीचा १९६१ चा कायदा लावला होता, आणि समृद्धी, शक्तिपीठ ह्यांना १९५५ चा महाराष्ट्र महामार्ग कायदा. त्यात ही टक्केवारी नाही. नोटीस येते, हरकत घ्यायला मुदत असते, हरकत ऐकली जाते आणि बहुतेक वेळा फेटाळली जाते. तेव्हा नोटीस आली की रागात फाडू नका. मुदतीत लेखी हरकत द्या, पोच घ्या. विहीर, बोअर, पाइपलाइन, झाडं, गोठा, सगळं संयुक्त मोजणीत लिहून घ्या. आमच्याकडं येणारे निम्मे लोक "झाडं लिहिलीच नाहीत" म्हणून येतात, तेव्हा झाडं तोडून झालेली असतात.

तूरडाळ

आणि काहीजण मोजणीच्या आदल्या रात्री झाडं लावतात.

काळा_कोट

त्यांचे वकील वेगळे.

हळदवाला_वसमत

काका मंडळी, तुम्ही रिफायनरीचं "जर-तर" बोलायलात. आमच्याकडं जर-तर राहिलं नाही. शक्तिपीठ महामार्ग. पवनार ते पत्रादेवी, २०२५ च्या आराखड्यात ८०२ किलोमीटर, १२ जिल्हे, त्यात मराठवाड्यातले सहा: नांदेड, हिंगोली, परभणी, बीड, लातूर, धाराशिव. आमच्या वसमतच्या हळदीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला २०२४ ला, आणि त्याच वर्षी शेतात खुणा करायला माणसं आली. अर्धापूरला केळी, आमच्याकडं हळद, पूर्णेच्या कालव्याचं पाणी. काळी जमीन, हातभर खोल गेलं तरी खडा लागत नाही.

कोल्हापूरवाल्यांनी लोकसभेनंतर असा दणका दिला की त्यांच्याकडची अधिसूचना मागं घ्यावी लागली. आमच्याकडं पण मोर्चे झाले, मोजणीवाल्यांना परत पाठवलं. पण टीव्हीला कोल्हापूरच दिसतं. आम्ही विरोध केला तर "मागासलेले, विकास नको ह्यांना". बारसूची बाई रस्त्यात आडवी झाली तर बातमी तरी होते.

माझा गट नंबर आराखड्यात आहे. मधोमध. रस्ता झाला की दोन तुकडे, एक इकडं एक तिकडं, आणि बैलगाडीला बोगदा दोन किलोमीटर लांब. माझं उत्तर नाही. कोणत्याच आकड्याला नाही.

चाकण_रिटर्न

हळदवाले भाऊ, तुमची बागायत आहे. माझ्या कोरडवाहूत आणि तुमच्यात फरक आहे. मी तुमच्या जागी असतो तर मीपण नाहीच म्हणलो असतो. खरं सांगायलो.

हळदवाला_वसमत

ह्याच्यासाठी तुमच्या घरी चहाला येईन.

पुनर्वसन_गल्ली

औसा तालुका. मी ९३ च्या भूकंपात सात वर्षांचा होतो. ३० सप्टेंबर, पहाटे ३.५६. ते सांगत बसत नाही, सगळ्यांना माहीत आहे.

सांगायचं ते पुनर्वसनाचं. पन्नासच्या वर गावं उचलून दुसरीकडं बसवली. नकाशावर आखलेले रस्ते, एकसारखी घरं, शाळा, समाजमंदिर. देणाऱ्यांनी मनापासून दिलं, जगभरातून आलं, त्याबद्दल वाकडं बोलणार नाही. पण वाडा होता तेव्हा शेजारी खोकला तरी कळायचा. नव्या गावात घरं एवढी लांब लांब की आई पहिली दोन वर्षं भाजी आणायला गेली की रस्ता चुकायची. रस्ते सगळे सारखे. गुरांना जागा नाही, कणग्या ठेवायला जागा नाही, वावर चार किलोमीटर लांब. लोकांनी हळूहळू पुढं पत्रे टाकले, मागं गोठे केले, आता जरा गाव वाटतं. तीस वर्षं लागली.

आणि ते निसर्गानं केलेलं होतं, त्याच्यावर राग धरता येत नव्हता. माणसानं फाईलवर सही करून उठवलं तर राग कुठं ठेवायचा?

गोदाकाठ

जायकवाडीत आमची शंभरावर गावं गेली. १९६५ ला शास्त्रीजींनी भूमिपूजन केलं तेव्हा आजोबा टाळ्या वाजवायला गेले होते. अजून धरण आटलं की जुन्या गावच्या देवळाचा कळस बघायला लोक जातात. आम्ही पण एकदा गेलो होतो पोरांना घेऊन. पोरांनी सेल्फी काढले.

तूरडाळ

विषय फार जड झाला. राजापूरकर, एक खरं सांगा, हापूस एवढा कामून मिरवता? आमच्या केशर आंब्याला पण जीआय आहे, "मराठवाडा केशर" नावानं.

राजापूरकर_इकडचा

आहे ना. मी खाल्लाय. चांगलं लोणचं होतं.

बालाघाटी

आता खरी रिफायनरी पेटली.

बिडकीनचा_पाटील

राजापूरकर, तुम्ही राहता कुठं ते सांगा फक्त. पाणी बंद करतो तुमचं.

राजापूरकर_इकडचा

पाटील, संभाजीनगरात पाणी आठ दिवसांनी एकदा येतं. धमकी लागू पडायला अजून आठ दिवस जातील.

आंबाजोगाईची_लेक

सगळं वाचलं. पुरुष मंडळी एवढी "माझा गट नंबर, माझी सही" म्हणून बोलायलीत, मला एक विचारायचंय. तुमच्या सातबाऱ्यावर तुमच्या बायकोचं नाव आहे का? बहिणीचं?

बारसूला आडव्या पडल्या त्या बायका. लातूरला घागर घेऊन उभ्या राहिल्या त्या बायका. राखुंडींच्या आजी कपडे झटकत होत्या. आणि सही कुणाची, तर भाऊ आणि दादा.

समृद्धीचा मोबदला आला तेव्हा माझ्या मैत्रिणीच्या माहेरी काय झालं ते सांगते. वीस वर्षं तिला कुणी रक्षाबंधनाला गाडीभाडं दिलं नाही. मोबदल्याची यादी लागली तर वारसाला बहिणींची नावं. दुसऱ्या दिवशी दोन भाऊ साडी आणि पेढे घेऊन दारात, सोबत हक्कसोडपत्र, स्टॅम्प पेपरसकट. तिनं साडी घेतली, पेढे पोरांना दिले आणि पेपर वाचायला ठेवून घेतला. अजून वाचायलीय. सहा वर्षं झाली.

लातूरची_घागर

मला तुमच्या मैत्रिणीचा नंबर द्या. पाया पडायचंय.

काळा_कोट

ताईंनी महत्त्वाचं सांगितलं. १९९४ पासून महाराष्ट्रात आणि २००५ पासून देशभर मुलींना वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतका वाटा आहे. संपादनात सगळ्यात जास्त अडकून पडणारा पैसा वारसांच्या वादातलाच असतो. कंपनी आणि सरकार राहतं बाजूला, भाऊबंद कोर्टात.

बालाघाटी

धागामालक कुठं गेले? किडा आमच्या डोक्यात सोडून स्वतः झोपले.

मांजराकाठचा

इथंच आहे. सोयाबीनची काढणी चालू होती, मळणीयंत्र मिळालं तसं धरावं लागतं.

सगळ्यांचं वाचलं. चुलतभावाला पण दाखवलं. शिफ्ट_बी दादांचं तो दोनदा वाचत होता. मग म्हणाला, "ती परीक्षा कोणती असते विचार की." दादा, तेवढं सांगा, मी चेष्टा करत नाही.

मी दुसऱ्याला विचारतोय आणि स्वतःचं सांगितलं नाही, म्हणून काल रात्री जेवताना बापाला विचारलं. आबा, कंपनी आली आणि वावर मागितलं तर? त्यांनी भाकरी मोडली, कोरड्यासात बुडवली, खाल्ली. मग म्हणाले, "मला काय इचारतो? आधी तुझ्या आत्यांना इचार. तिघींची नावं हायेत सातबाऱ्यावर."

मला चाळीस वर्षांत माहीत नव्हतं.

आंबाजोगाईची_लेक

मग? विचारलं का?

शिफ्ट_बी

भावाला सांगा, आधी आयटीआय नाहीतर डिप्लोमा बघ, केमिकल किंवा इन्स्ट्रुमेंटेशन. बीएवर ऑपरेटरची जागा नसते. मला निरोप पाठवायला सांगा, अभ्यासक्रम देतो. वय किती आहे ते आधी विचारा.

मांजराकाठचा

वय २६. निरोप पाठवतो म्हणालाय.

आत्यांना फोन केला. थोरली म्हणाली, "बाबा, माझ्या वाट्याची बांधावरची चिंच तेवढी तोडू देऊ नको, बाकी तुम्ही काय ते बघा." मधली म्हणाली, नवऱ्याला विचारून सांगते. धाकटी फोन उचलत नाही. आईला विचारलं तर कळलं, २०११ ला आबा तिच्याकडं हक्कसोडपत्र घेऊन गेले होते. तवापासून उचलत नाही.